पुढचा हात

अलिबागचा पांढरा कांदा किलोवर घेऊ नये, माळेवर घ्यावा. कार्ले, खंडाळे, वाडगाव, नेहुली या गावांत भात निघालं की त्याच शेतात तो लावतात, होळीच्या आगेमागे काढायला लागतात, आणि मग दुपारच्या वेळी पडवीत बसून बायका त्याच्या वेण्या घालतात. वेणी गुंफायची ती कांद्याच्याच वाळल्या पातीने. 2022 साली या कांद्याला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा त्याच्या गोडीबद्दल आणि औषधी गुणांबद्दल पुष्कळ छापून आलं. मला विचाराल तर खरी करामत वेणीत आहे. माल आपलं वेष्टण अंगावर घेऊनच येतो, आढ्याला टांगला की वारा खात पावसाळा काढतो, आणि शेवटचा कांदा चिरला की उरलेली पात केळीच्या बुंध्याशी जाते.

मार्च-एप्रिलमध्ये वडखळच्या रस्त्याला मुंबईच्या गाड्या थांबतात. माळ पसंत पडते, थोडी घासाघीस होते आणि पैसे देता देता प्रश्न येतो, "पिशवी आहे ना?" गाडीच्या सीटवर सालं सांडतात, म्हणून. विकणारी बाई निमूट पिशवी काढते. तिला गिऱ्हाईक घालवून चालणार नसतं. वेष्टणासकट आलेल्या वस्तूला दुसरं वेष्टण चढतं आणि ते दादरला किंवा ठाण्याला पोहोचेपर्यंत निकामी झालेलं असतं.

आमची वाडी अलिबागच्या दक्षिणेला, समुद्राच्या अंगाला. लग्न होऊन इथे आले तेव्हा नारळी-पोफळी बघून मला वाटलं होतं की इथली जमीन फार कसदार असणार. जमीन कसली, वाळू. हातभर खणा, वाळू. आणखी हातभर खणा, वाळू आणि पाणी. वाळूत काही टिकत नाही. खत घातलं तरी पावसाबरोबर खाली निसटून जातं. तेव्हा आक्षी, नागाव, चौल, रेवदंडा या पट्ट्यातल्या बागांना निसर्गाची देणगी वगैरे म्हणतात ते अर्धंच खरं. पिढ्यान्‌पिढ्या शेण, राख, पालापाचोळा, मासळीची डोकी आणि स्वयंपाकघरातलं उष्टंखरकटं त्या वाळूला चारून माणसांनी उभं केलेलं हे बांधकाम आहे. घरचा केर बाहेर गेला असता तर वाडी राहिलीच नसती.

सासूबाईंच्या हाताखाली मी स्वयंपाकाइतकंच, किंबहुना जास्त, कुठे काय टाकायचं ते शिकले. तांदळाचं धुवण गाईला. मोरीचं पाणी पाटाने अळवाकडे आणि केळीकडे. मासे साफ केले की खवलं, पोटातली घाण, कोलंबीची सालं माडाच्या आळ्यात, आणि ती नुसती नाही टाकायची. खळगा करून टाकायची, वर राख आणि वाळू लोटायची, म्हणजे मांजरं उकरत नाहीत. झावळी पडली तर तिची पाती सोलून हीर काढायचे आणि त्यांचा खराटा बांधायचा, नाहीतर अख्ख्या झावळीचा झाप विणायचा. देठाचा जाडा भाग चुलीत. सोडणं न्हाणीघराच्या बंबात, त्यांचं थोडं केसर भांडी घासायला. करवंटीचा डाव. पोफळीची विरी ओली असताना दुमडली तर द्रोण होतो, वाळली की तिच्यावर एका पोराने बसायचं आणि दुसऱ्याने ओढायचं. घरात केराची टोपली होती, पण तिच्यात धूळ, केस, चिंध्यांचे धागे यापलीकडे फारसं काही पडत नसे.

या सगळ्यात सासूबाईंची नजर एकाच गोष्टीवर असे. हातातली वस्तू आपल्या कामाची राहिली नाही, तर आता ती कुणाच्या कामाची? तो पुढचा हात त्यांना नेहमी दिसत असे. मग तो बोहारणीचा असेल, भंगारवाल्याचा असेल, नाहीतर हात नसून गाईचं तोंड किंवा माडाचं मूळ असेल. असा धनी सापडेपर्यंत वस्तू माळ्यावर पडून राही. टाकली जात नसे.

हे फार गोड वाटतं. ते तेवढंच गोड मानून जुन्या घरांवर लिहिणाऱ्यांचा मला कंटाळा आहे. कारण त्याच काळात गावागावांतून आणि शहराच्या मागच्या बोळांतून टोपल्यांचे संडास होते, आणि तिथे पुढचा हात ठरला होता तो जातीने. त्याच्याकडे कुणी बघत नसे. केळीला पाणी कुठून जातं याची इतकी बारकाईने दखल घेणाऱ्या घरांना मागच्या दाराने कोण येऊन जातं, त्याचं नावही ठाऊक नसे. कोकणात या प्रश्नाला अंगाने भिडलेला माणूस म्हणजे अप्पा पटवर्धन. 1932 साली रत्नागिरीच्या तुरुंगात त्यांनी, त्या काळी ज्याला भंगीकाम म्हणत, ते आपल्याला करू द्यावं अशी मागणी केली. सरकारने नाकारलं. एवढं शिकलेल्या ब्राह्मणाने ते काम मागावं हे तुरुंगाच्या नियमांत बसत नव्हतं. अप्पांनी अन्न कमी केलं, येरवड्यात असलेल्या गांधींनी त्यांच्या पाठिंब्यासाठी उपवास धरला आणि सरकारला विचार करावा लागला. पुढे कणकवलीला त्यांनी गोपुरी आश्रम काढला आणि मैल्याचं खत होईल, ते हाताळणाऱ्याला किळस येणार नाही, अशा संडासांसाठी वर्षानुवर्षं खटपट केली. कोकणचे गांधी म्हणून त्यांचे फोटो लागतात. फोटोपेक्षा त्यांची खटपट जास्त अवघड होती: घाणीला उपयोगाचं करून ती हाताळणाऱ्याला माणसात आणायचं.

प्लास्टिक आलं ते आधी मानाने आलं. दुधाची पिशवी धुऊन दोरीवर वाळत घालायची वस्तू होती, साड्यांच्या दुकानातली पिशवी घडी करून गादीखाली ठेवायची. नंतर ती इतकी झाली की गादी कमी पडली. 26 जुलै 2005च्या पुरात मुंबईचे नाले तुंबले तेव्हा राज्यात पातळ पिशव्यांवर पहिल्यांदा कडक बोट उगारलं गेलं. मग 2018च्या गुढीपाडव्याच्या सुमाराला नवी अधिसूचना निघाली आणि 23 जूनपासून दंड सुरू झाला. तेव्हा अलिबागच्या बाजारात मजा होती. भाजीवाला गिऱ्हाइकाचा चेहरा निरखून मग पाटीखालून पिशवी काढायचा. बंदी हातातल्या पिशवीवर आली. कंपनीतूनच बंद होऊन येणारी वेफरची, बिस्किटांची, शांपूची वेष्टणं मात्र टपऱ्यांवर तोरणासारखी लटकत राहिली, आजही लटकताहेत.

आमच्याकडे येणारा भंगारवाला पूर्वी सायकलवर यायचा, आता टेम्पो घेऊन येतो. त्याचं वजन करणं नव्हे, त्याचं चाचपणं बघण्यासारखं असतं. तांबं-पितळ तो नुसत्या नजरेने ओळखतो. लोखंडाला लोहचुंबक लावून बघतो. प्लास्टिक मात्र कानाने. पिशवी मुठीत घेऊन चुरगाळतो. मऊ, बिनआवाजाची असेल तर एका पोत्यात, कडकड वाजली तर दुसऱ्या. दुधाची पिशवी मऊतली. तिला भाव आहे, पण धुतलेली आणि वाळलेली असेल तर. आंबूस वासाची पिशवी पोत्यातल्या सगळ्या मालाचा भाव उतरवते. आणि कोपरा पूर्ण कापून टाकायचा नाही, छाट देऊन तसाच लटकता ठेवायचा, हे त्यानेच मला सांगितलं. तो नखाएवढा त्रिकोण एकदा सुटला की त्याला पुन्हा कुणी उचलत नाही. वेफरचं पाकीट पुढे केलं की तो हात मागे घेतो. "काकी, ही चकचकीत नको." आत चंदेरी मुलामा, बाहेर छापील थर, मधे आणखी काही, एकमेकांना असे चिकटवलेले की सुटत नाहीत, आणि सुटत नाहीत म्हणून वितळवून त्यांचं पुन्हा काही करणं परवडत नाही. खाऊ कुरकुरीत राहावा म्हणून केलेली ती योजना आहे आणि तेवढ्यापुरती ती उत्तमच आहे. पाकीट रिकामं झाल्यावर ते कुणी हातात घ्यायचं, याचा विचार त्या योजनेत कुणी केलेला दिसत नाही.

मग त्याचं लोक काय करतात? बंबात घालतात. आमच्या भागात अजून पुष्कळ घरी अंघोळीचं पाणी सोडणांवर आणि झावळ्यांवर तापतं. पावसाळ्यात सोडणं दमट असतात, धूर नुसता डोळ्यांत जातो, पण खाली एक पिशवी सारली की भक्कन पेटतं. सोयीचं आहे, फुकट आहे, पिशवीही नाहीशी झाल्यासारखी वाटते. त्या धुरात काय काय असतं, विशेषतः पीव्हीसी जळलं तर डायॉक्सिनसारखं किती वाईट विष तयार होतं, हे डॉक्टर सांगतात. 2016च्या घनकचरा नियमांनी उघड्यावर कचरा जाळायला मनाईही केली. मला यात दुसरीच एक गोष्ट खुपते. बंबाची राख ही आमच्या घरातली फार मोठी वस्तू होती. तिने भांडी घासली जात, ती वालाच्या बियाण्याला चोळत, अळवावर किडीसाठी भुरभुरत, माशांच्या खळग्यावर टाकत. ज्या दिवशी बंबात पहिली पिशवी गेली त्या दिवसापासून ती राख कुणाला द्यायच्या लायकीची राहिली नाही. एक वस्तू बिघडली आणि तिच्यापुढचे चार हात रिकामे झाले.

जे जळत नाही ते ओढ्यात जातं, ओढा खाडीत, खाडी समुद्रात. आमच्या एका अंगाला कुंडलिका रेवदंड्याशी समुद्राला मिळते, दुसऱ्या अंगाला धरमतरची खाडी, पलीकडे मुंबईचं बंदर. पावसाळ्यात उधाणाची भरती आली की ओळीने सगळ्यांचा कचरा आमच्या पुळणीवर येतो, मधूनमधून डांबराचे गोळेसुद्धा, ते पायाला लागले तर रॉकेलशिवाय निघत नाहीत. पण कचऱ्याचा खरा पंचनामा बघायचा तर कोळीवाड्यात जावं. डोल जाळं प्रवाहात तोंड उघडं ठेवून बांधलेलं असतं. भरती-ओहोटी जे आणेल ते त्याच्या पोटात जातं. होडी लागली की तो ढीग बायकांपुढे ओततात. त्या उकिडव्या बसतात आणि हात सुरू होतात. बोंबील एका टोपलीत, मांदेली दुसऱ्या, कोलंबी तिसऱ्या, जवळा खाली उरतो. खेकडा बोट धरायच्या आत मागून पकडून भिरकावलेला. बोलणं चालू, नजर भलतीकडे, हात चुकत नाही. त्या हातांना आता आणखी एक वर्ग करावा लागतो: गुटख्याच्या पुड्या, बाटल्यांची झाकणं, नायलॉनच्या दोऱ्या. जवळ्यात अडकलेले प्लास्टिकचे बारीक तुकडे सगळ्यांत वाईट, कारण जवळाही त्याच मापाचा आणि तसाच अर्धपारदर्शक. "पयला कचरा निवडताव, मंग म्हावरा," एक कोळीण मला म्हणाली. तक्रारीच्या सुरात नाही, नुसती कामाची रीत सांगावी तसं. ओला कचरा आणि सुका कचरा वेगळा ठेवायला आमच्याकडे वेळ नसतो, असं जे लोक सांगतात, त्यांच्या घरचं वर्गीकरण असं कुठेतरी, कुणीतरी, न मागता करून देत असतं.

गणपतीत थोडं बरं चित्र दिसतं. रेवदंड्याच्या नानासाहेब धर्माधिकारी प्रतिष्ठानचे श्रीसदस्य विसर्जनाच्या दिवशी निर्माल्य गोळा करतात, त्याचं खत होतं. थर्माकोलची मखरं बंदीनंतर कमी झाली. पण निर्माल्याचं बोचकं उघडून बघा. दूर्वांच्या जुडीला रबरबँड, हाराला नायलॉनचा दोरा, मधे सोनेरी कागदाची फुलं, आणि हे सगळं ज्यात बांधलंय ती पिशवी. देवाला वाहिलेलं ते पवित्र, म्हणून घरी कुणी सोडवत बसत नाही; सोडवतो तो किनाऱ्यावर ओल्या पायांनी उभा असलेला माणूस.

मार्च 2020मध्ये भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो सुरू झाली आणि गाडीसकट माणसं तासाभरात इकडे यायला लागली. त्यांना शिव्या घालणं सोपं आहे, आणि आम्ही तो कार्यक्रम नेमाने करतो. पण बंगल्यांवर काम, भाड्याच्या खोल्या, नारळपाणी, मासळीचे भाव, सगळं त्यांच्यावर चालतं हेही खरं. अलिबाग शहर 2011च्या जनगणनेत वीस हजारांच्या आसपास होतं. वस्ती आता नगरपरिषदेची वेस ओलांडून चारी बाजूंच्या ग्रामपंचायतींत पसरली आहे, आणि शनिवार-रविवारी आणखी किती माणसं येऊन राहतात ती कुठल्याच खानेसुमारीत नाहीत. त्यांचा कचरा मात्र सोमवारी असतो. काळ्या पिशव्या, तोंडाला गाठ. दोन हद्दींच्या मधोमध ठेवलेल्या. कुत्र्यांना हद्द कळत नाही, ती आधी पोहोचतात.

घंटागाडीवर येणाऱ्या ताईंशी माझं बोलणं होतं. त्यांना वास त्रास देत नाही म्हणतात. बिर्याणी नासली तर नासली, ती धुतली जाते. भीती वाटते ती फुटक्या काचेची आणि डायपरची. काच दिसत नाही, आणि डायपर कसला ते उघडल्याशिवाय कळत नाही. पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीच्या बायकांनी या गोष्टीवर आवाज उठवला. ही संघटना 1993ची, पुढे तिच्यातून 'स्वच्छ' ही सहकारी संस्था निघाली. सॅनिटरी पॅड, डायपर कागदात गुंडाळा आणि वर लाल ठिपका काढा, एवढी साधी त्यांची मागणी. ठिपका दिसला की ते पुडकं न उघडता बाजूला. 2016च्या नियमांतही हे होतं: ओला, सुका आणि घरगुती घातक असे तीन भाग, आणि पॅड-डायपर गुंडाळून. जुने सेल, ट्यूबलाइट, मुदत संपलेल्या गोळ्या, इंजेक्शनच्या सुया, उरलेला रंग हे सगळं घातकमध्ये. मी आमच्या ताईंना लाल ठिपक्याबद्दल सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "काकी, ठिपका नको काढू दे कुणी. नुसतं वेगळं ठेवलं तरी चालंल." मागणी आणखी एक पायरी खाली आणायची त्यांना सवय आहे.

3 जून 2020ला निसर्ग वादळ आलं आणि वाडीला पहिल्यांदाच आपलं आपल्याला पचेनासं झालं. टाळेबंदीचे दिवस, माणसं मिळत नव्हती, वीज नव्हती. माड, पोफळी, आंबे, फणस एकावर एक पडलेले. विहिरीकडे जायलासुद्धा कोयता घेऊन वाट काढावी लागली. आजवर जे जे पडलं ते मातीला मिळालं, तसं हेही कुजेल, असं पुष्कळांना वाटलं. पण कुजत्या माडाच्या खोडात गेंडाभुंगा अंडी घालतो. त्याच्या अळ्या आत पोसल्या की तो भुंगा उभ्या राहिलेल्या माडाचा कोंब पोखरतो. म्हणजे पडलेला माड वेळेवर उचलला, चिरला किंवा जाळला नाही, तर तो वाचलेल्या माडाला मारणार. नव्या रोपाला नारळ धरायला पाच-सात वर्षं लागतात. एकेक उभा माड जपायचा होता. कचऱ्याची वेळ असते हे मला त्या वर्षी नीट कळलं. योग्य हातात वस्तू गेली तरी उशिरा जाऊन उपयोग नसतो.

आणि पत्रे. सिमेंटच्या पत्र्यांची छपरं उडून तुकडे तुकडे होऊन वाड्यांमधून पसरली. जुन्या पत्र्यांत ॲस्बेस्टॉस असतं. पत्रा धड आहे तोवर त्याचं काही वाटत नाही. फुटला, दळला गेला की त्याचे तंतू हवेत जातात आणि फुप्फुसात जाऊन बसतात. हे कुणाला सांगणार? तुकडे टणक होते, पावसाळा तोंडावर होता, चिखलाच्या वाटा होत्या. लोकांनी ते वाटांवर पसरले आणि वर गाड्या गेल्या. तो माल घेणारा हात इथे नव्हताच.

सरकारने काही केलं नाही, असं म्हणायचीही एक पद्धत आहे. सिंधुदुर्गातल्या वेंगुर्ल्याला रामदास कोकरे मुख्याधिकारी असताना तिथली कचऱ्याची जागा लोकांनी फिरायला जावं अशी झाली. ओल्याचा बायोगॅस, प्लास्टिक बारीक करून रस्त्यात, बाकीचं निवडून भंगारात. नंतर रायगडातल्याच कर्जतला त्यांनी हाच उद्योग केला. मोटारींना बंदी असलेल्या माथेरानवर भाभा अणुसंशोधन केंद्राच्या डॉ. शरद काळे यांनी विकसित केलेला 'निसर्गऋण' प्रकल्प उभा राहिला. डोंगरावरचं ओलं डोंगरावरच जिरवायचं. यंत्रं कुठेही बसवता येतात. वेंगुर्ल्याची खरी गोष्ट यंत्राच्या अलीकडे, दारात घडली: वेगळा केलेला कचरा दिलात तरच उचलणार, हा हट्ट. असा हट्ट रोज सकाळी, प्रत्येक दारात, न चिडता धरायला माणूस लागतो, आणि त्या माणसाच्या पाठीशी वरचा साहेब लागतो. साहेबांची बदली होत असते.

ओल्याचं म्हणाल तर त्याला खरंच काही लागत नाही. डोंबिवलीची माझी नणंद गॅलरीत भोकं पाडलेल्या बादलीत खत करते. ओल्याच्या थरावर तेवढाच सुका पाला किंवा सोडणाचा भुसा, सुरुवातीला चमचाभर आंबट ताक. वास आला तर ओल जास्त झाली, भुसा घाला. मुंग्या झाल्या तर कोरडं पडलं, पाणी शिंपडा. भुसा मी पाठवते आणि ती खत वापरत नाही म्हणून माझ्याकडे परत पाठवते. आमच्या वाळूला कितीही चारलं तरी कमीच.

राहिल्या बाटल्या. आमच्या शेजारच्या वहिनी उन्हाळ्यात कोकमाचं आगळ करतात. वहिनींचं घर सोवळ्यातलं, आणि त्यांचं आगळ विकलं जातं ते रमच्या, व्हिस्कीच्या बाटल्यांतून. सोमवारी बंगल्यांवरचे रखवालदार त्यांना बाटल्या आणून देतात. आत झाकणापर्यंत धुतलेल्या आणि उन्हात उपड्या वाळवलेल्या असल्या तरच वहिनी घेतात. मग गरम पाण्यात बुडवून लेबलं काढायची. काही कंपन्यांची नावं काचेतच उठवलेली असतात, त्यांना इलाज नाही. आमच्या गावात कुणाला याचं काही वाटत नाही, पण मध्यंतरी त्यांच्या सुनेने नव्या प्लास्टिकच्या बाटल्या आणि छापील लेबलं आणली, कारण पर्यटकांना तसं आवडतं. वहिनींनी एक हंगाम तसं विकून बघितलं. खप वाढला. पुढच्या हंगामात त्यांनी पुन्हा काच काढली आणि बाटलीमागे दहा रुपये वर घ्यायला लागल्या, बाटली आणून दिली की परत. आमच्या लहानपणी मुंबईत आरेच्या दुधाची बाटली अशीच परत जायची, त्यात नवीन काही नाही. वहिनींनी फक्त सूनबाईला हिशेब करून दाखवला की नवी बाटली किती रुपयांना पडते.

मागच्या मे महिन्यात दादरचं एक जोडपं पिशवी भरून बाटल्या घेऊन आलं. वहिनी एकेक उजेडात धरून बघत होत्या. निम्म्या त्यांच्या नव्हत्याच. कुठल्याशा सरबताच्या, केचपच्या, एक तर खोकल्याच्या औषधाची होती. ती तेवढी त्यांनी बाजूला काढून परत केली. बाकीच्यांचे दहा दहा रुपये मोजताना सून आतून म्हणाली, "अहो आई, या आपल्या नाहीत."

"धुतलेल्या आहेत ना?" वहिनी म्हणाल्या, "मग आपल्याच."